कोंडलेला दम

आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. देऊळगाव राजात, बालाजीच्या देवळाकडे जाणाऱ्या भर रस्त्यावरचं घर, खाली अण्णांचं कापडाचं दुकान, समोर भांडीवाला दिवसभर ठाण ठाण करत बसलेला, आणि तरीही जिना चढून वर आलं की एखाद्या आजाऱ्याच्या खोलीत शिरल्यासारखं वाटायचं. आई भाकरीसुद्धा हलक्या हातानं थापायची. खलबत्त्यात शेंगदाणे कुटायचे असले की ती तो घेऊन मागच्या अंगणात जायची. दिवाळीत फटाके गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला वाजायचे, आणि तेवढ्यानंही ती धावत येऊन माझ्या कानांवर हात ठेवायची. माझा धाकटा भाऊ सुधीर हसताना तोंडावर हात धरायचा. मोठा झाल्यावर, स्वतःच्या लग्नातही तो तसाच हसला, तोंडावर हात धरून. हे सगळं माझ्यामुळं होतं. माझ्या हृदयाला भोक आहे, असं आमच्या घरानं धरून ठेवलेलं होतं.

धरून ठेवलेलं म्हणते, कारण तसं कुणी ठामपणे सांगितलेलं नव्हतं. मी पहिलीत असताना शाळेत तपासणीला एक डॉक्टर आले होते. त्यांनी माझ्या छातीला नळी लावली, पुन्हा लावली आणि अण्णांना बोलावून सांगितलं, "छातीत आवाज येतोय. भोक असू शकतं. मोठ्या डॉक्टरला दाखवा." नेमका त्याच सुमारास अण्णांच्या मावसभावाचा मुलगा हृदयाच्या ऑपरेशनला मुंबईला नेला होता, तो परत आला नाही. अण्णा त्याच्या दिवसांना जाऊन आले आणि मोठ्या डॉक्टरचा विषय घरात संपला. दाखवलं तर ऑपरेशन सांगतील, आणि ऑपरेशन सांगितलं तर पोर जाईल, असा त्यांचा सरळ हिशेब. त्यापेक्षा जपू. मग जपणं सुरू झालं. धावायचं नाही, दोरीवरच्या उड्या नाहीत, घागर उचलायची नाही, रागवायचं नाही आणि कुणी मला रागवायचंही नाही. सकाळी उठल्या उठल्या अर्जुनाच्या सालीचा काढा. तो इतका तुरट असायचा की त्यानंतर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर नि मिरचीचा ठेचा समोर आला तरी जिभेला बराच वेळ काही कळायचं नाही. मैत्रिणी लंगडी खेळायच्या तेव्हा मी सगळ्यांच्या चपला सांभाळत पायरीवर बसायची. याचं फार दुःख झाल्याचं आठवत नाही. आपण काचेचे आहोत हे मला कबूल होतं. सगळं घर एकच गोष्ट मानत असलं की मुलाला दुसरं काही सुचत नाही.

मी दहावी झाले त्या सुट्टीत गावात कराटेचा वर्ग सुरू झाला. भालेराव सर जालन्याहून सकाळच्या एसटीनं यायचे, शाळेच्या मैदानावर शिकवायचे आणि उन्हं चढायच्या आत परत जायचे. बुटके, सावळे, मान थोडी पुढं काढून चालणारे. पाहिल्यावर कुणी म्हणालं नसतं की हा माणूस काही मारामारीचं शिकवत असेल. सुधीरनं हट्ट धरून नाव घातलं, आणि त्याला सोडायला-आणायला म्हणून मी जाऊ लागले. पायरीवर बसायचं, इतकंच. पोरं ओरडत बुक्के मारायची, लाथा झाडायची, मैदानाला फेऱ्या मारायची. ते पाहून मला काही व्हायचं नाही. पण तासाच्या शेवटी सर एकटेच एक प्रकार करायचे, तो सुरू झाला की मी पायरीवर ताठ होऊन बसायची. त्यात ते जवळजवळ हलतच नसत. एक पाऊल अर्धगोल फिरवून पुढं टाकायचे, बोटं आत वळवून जमिनीत रोवायचे, गुडघे किंचित आत, मांड्या आवळलेल्या, खांदे खाली, आणि मग हात इतका सावकाश पुढं जायचा की जणू समोर न दिसणारी भिंत आहे आणि ते ती ढकलतायत. सकाळच्या गार वाऱ्यातही त्यांच्या कपाळावर घाम यायचा. या प्रकाराचं नाव सांचिन. जपानच्या बेटांवर तो चीनमधून आला, नावाचा अर्थ तीन लढाया, असं त्यांनी पुढं सांगितलं. अंगाशी, मनाशी आणि श्वासाशी.

एके दिवशी ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले. "तू रोज येतीस नि रोज बसून राहतीस. शिकायचं नाही का?"

"माझ्या हृदयाला भोक आहे," मी सांगितलं. दुसऱ्या मुली आपण चौथ्या गल्लीत राहतो असं सांगतात, तितक्याच सहज.

त्या दिवशी सरांनी आपली एसटी चुकवली आणि दुकानात अण्णांसमोर येऊन बसले. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. अण्णांनी चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "नाही सर. पोरगी नाजूक आहे. तिले पळणं-उडणं जमत नाही."

"यात पळणं नाही, अण्णा. उडी नाही. उभं राहायचं, सावकाश हात चालवायचा आणि श्वास घ्यायचा." आणि सर उठले, कापडाच्या ताग्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत उभे राहिले आणि त्यांनी सांचिनची दोन-चार पावलं करून दाखवली. खण घ्यायला आलेल्या दोन बायका मागं सरकल्या. मैदानावर ते श्वास सोडताना घशातून 'हाऽऽ' असा जाडसर आवाज काढायचे. दुकानात मात्र गिऱ्हाईक घाबरेल म्हणून त्यांनी तो अगदी हळू काढला, जवळजवळ नाहीच. ही एवढीशी गोष्ट. पुढं जे झालं त्याचं मूळ त्यात होतं, असं मला आता वाटतं.

अण्णा चष्म्यावरून त्यांच्या पायांकडे पाहत होते. तरुणपणी ते आखाड्यात जायचे, जोर-बैठका काढायचे, मुद्गल फिरवायचे. लग्नानंतर ते सुटलं होतं. "हा तं पैतरा झाला," ते म्हणाले. "कमर अशी आत काऊन घेतली?"

"ताकद बेंबीच्या खाली राहावी म्हणून."

"आमचे उस्ताद बी हेच सांगत," अण्णा म्हणाले आणि त्यांच्या आवाजात मी कधी न ऐकलेला एक उल्हास होता. मग ते जिन्याकडे वळून म्हणाले, "शाले, तुले करायचं आहे का हे?"

मी जिन्यातूनच होकाराची मान हलवली.

आईला पटवायला वेळ लागला. तिचं एकच म्हणणं, "उभं राह्यलं तं काय होते, असं म्हनता. मंग त्या मास्तरले घाम काऊन येते?" तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. पण दिसायला खरंच ते उभं राहणंच होतं, आणि मी त्या आठवड्यात माझ्या वाटणीचे सगळे काढे न कुरकुरता प्यायले. शेवटी ती म्हणाली, "जा. पन छातीत काही झालं की तिथंच बसून घे."

शिकायला लागल्यावर कळलं की माझं अंग मला ओळखतच नाही. मांडी आवळ म्हटलं की खांदा वर जायचा. खांदा खाली घ्यावा तर पोट सुटायचं. सर म्हणायचे, झाडासारखी उभी राहा, मुळं खाली, शेंडा वर. घोड्यावर बसल्यासारखं गुडघे वाकवून उभं राहायचाही एक प्रकार होता, त्यात पाय थरथरायला लागायचे आणि ती थरथर मला फार आवडायची. आपल्याला काही जोर आहे, म्हणूनच तो संपतो, असं वाटायचं. बाकी पोरं सांचिन करत असताना सर त्यांच्याभोवती फिरून खांद्यावर, पाठीवर, मांडीवर फाडफाड थापा मारायचे. अंग आवळलेलं असेल तर माणूस हलत नाही, सुटलेलं असेल तर कोलमडतो, ही त्याची तपासणी. माझ्यापाशी आले की मात्र ते दोन बोटांनी खांद्याला नुसता स्पर्श करायचे आणि पुढं जायचे.

आणि तो आवाज मला काढता येत नव्हता. येत नव्हता म्हणण्यापेक्षा, तोंडातून बाहेर पडत नव्हता. सगळी पोरं, मी एकटी मुलगी, आणि घरात तर वाटी पडल्याचाही आवाज होऊ नये अशी वर्षानुवर्षांची सवय. मी तोंड किंचित उघडायची, ओठ हलवायची आणि श्वास आतच गिळायची. पुढच्या हालचालीला आणखी थोडा आत घ्यायची. सरांना लांबून वाटायचं, हळू सोडतेय. तोंडात डाळिंबाचा दाणा लपवून ठेवावा तसा मी तो छातीत लपवून ठेवायची.

कराटेच्या पट्ट्याच्या परीक्षेआधी एका रविवारी सकाळी सरांनी सगळ्यांच्या आईवडिलांना मैदानावर बोलावलं. आई नवं लुगडं नेसून आली होती. अण्णांनी दुकान उशिरा उघडायचं ठरवलं. माझी पाळी आली. अण्णा पाहतायत म्हणून मी नेहमीपेक्षा जास्त जोर लावला. पाय रोवले, मांड्या आवळल्या, मुठी वळल्या, समोरची न दिसणारी भिंत ढकलली, पुन्हा ढकलली. तिसऱ्या वेळी मैदान पांढरं झालं. कानात समुद्रासारखा आवाज भरला, तेव्हा मी समुद्र पाहिलेलाही नव्हता. मग काही नाही.

डोळे उघडले तेव्हा माझा कान अण्णांच्या छातीला चिकटलेला होता. ते मला उचलून पळत होते. त्यांच्या छातीत कुणी आतून दार ठोठावत असावं असा आवाज येत होता. मला वाटलं, हे माझंच हृदय आहे आणि ते आता फुटणार. मागून आईचा आवाज येत होता. आयुष्यात पहिल्यांदा ती मोठ्यानं ओरडत होती, शब्द काहीच नव्हते.

एका ओळखीच्या माणसाची जीप मिळाली. जालन्याच्या डॉक्टरांनी छातीला तारा लावून कागद काढला, तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, यात काही दिसत नाही, पण तुम्ही भोक म्हणताय तर औरंगाबादला जा, तिथं हृदयाची सोनोग्राफी होते. तीच जीप पुढं निघाली. मी मागच्या बाकावर आईच्या मांडीवर डोकं ठेवून होते. समोर भालेराव सर बसले होते. त्यांना कुणी या म्हटलं नव्हतं आणि कुणी उतरा असंही म्हटलं नव्हतं. आईनं साऱ्या वाटेत त्यांच्याकडे पाहिलं नाही. अण्णा पुढं बसून रस्त्याकडे पाहत होते. ज्या मोठ्या डॉक्टरला इतकी वर्षं टाळलं, त्याच्याकडेच ते आता मला घेऊन चालले होते. पुढं एकदा त्यांनी मला सांगितलं की त्या वाटेत ते फक्त ऑपरेशनला होकार द्यायची तयारी करत होते.

औरंगाबादचे डॉक्टर तरुण होते, नुकतेच कुठून तरी शिकून आलेले. त्यांनी माझ्या छातीला थंडगार मलम लावलं आणि त्यावरून एक यंत्र फिरवलं. पडद्यावर करडं पाणी हलावं तसं काहीतरी दिसत होतं आणि मधोमध एक पांढरी झडप उघडत होती, मिटत होती, उघडत होती. ते मान वाकडी करून पाहत राहिले. खोलीत कुणी श्वास घेत नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "भोक आहे असं कोण म्हणालं?"

अण्णांनी शाळेतली गोष्ट सांगितली.

"लहानपणी असा आवाज पुष्कळ मुलांच्या छातीत येतो. मोठेपणी जातो. हिचं हृदय उत्तम आहे. भोक नाही, झडपा चांगल्या, काहीही नाही."

"आनखी एकदा पाहून घ्या ना, डॉक्टर," आई म्हणाली.

त्यांनी पुन्हा पाहिलं. चिडले नाहीत. "ताई, नाही म्हणजे नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पण पडलीस कशी? काय करत होतीस ते दाखव बघू."

मी खाटेवरून उतरले आणि त्या थंड फरशीवर अनवाणी सांचिनला उभी राहिले. पाय रोवले. हात सावकाश पुढं नेला, मागं घेतला, पुन्हा पुढं नेला.

"थांब, थांब," डॉक्टर म्हणाले. "श्वास कधी सोडलास?"

मी हात तसाच पुढं धरून त्यांच्याकडे पाहिलं.

"सोडलाच नाही ना? का?"

"आवाज होतो," मी म्हणाले.

भालेराव सरांनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, तो आवाज व्हायलाच पाहिजे!" डॉक्टर हसू दाबत आम्हाला समजावून सांगत होते की सगळं अंग आवळून श्वास कोंडून ठेवला की डोक्याकडे रक्त कमी पडतं, आणि धडधाकट पैलवानसुद्धा आडवा होतो. पण अण्णा ऐकत नव्हते. ते खोलीबाहेर गेले होते. आम्ही बाहेर आलो तेव्हा ते दवाखान्याच्या पायरीवर बसून टोपीनं डोळे पुसत होते, आणि येणारेजाणारे त्यांच्याकडे फार वाईट बातमी कळलेल्या माणसाकडे पाहावं तसं पाहत होते. आई त्यांच्याशेजारी बसली. आधी तिला राग आला. "एवढी वर्षं पोरीले बाहुलीवानी ठेवली आपन. लंगडीसुदिक खेळू देली नाही." मग तिनं सरांकडे पाहिलं, जीपमध्ये बसल्यापासून पहिल्यांदा. "मास्तर, सकाळपासून तुमी काही खाल्लं नसंल."

आम्ही सगळ्यांनी समोरच्या गाडीवर भजी खाल्ली. इतकी तिखट आणि इतकी चांगली भजी मी पुन्हा कुठं खाल्ली नाही. जीप परत गेली होती, म्हणून एसटीनं निघायचं ठरलं. स्टँडच्या फाटकात शिरलो तर जालन्याची गाडी हलायला लागलेली. सर आणि अण्णा पळत सुटले. मी सवयीनं जागीच थांबले. अण्णांनी मागं वळून पाहिलं, तोंड उघडलं, मला वाटलं आता म्हणतील, सावकाश ये. ते ओरडले, "पळ ना बे!"

मी पळाले. माझं पळणं फार वाईट होतं, हात कुठं ठेवायचे तेही ठाऊक नव्हतं. पण गाडी मिळाली, आणि मागून पळत आलेल्या आईची चप्पलही तुटली नाही.

त्यानंतरचे दिवस आमच्या घरात गडबडीचे होते. अर्जुनाची साल आईनं उकिरड्यावर टाकली. सर आता परतीच्या एसटीआधी आमच्या मागच्या अंगणात यायचे आणि अण्णा नि ते दोघं मिळून मला श्वास सोडायला शिकवायचे. अण्णा धोतर खोचून जोर काढून दाखवायचे. "पाह्य, खाली जाताना घेतला, वर येताना सोडला. आमचे उस्ताद म्हनत, जोर लावताना तोंड बंद ठेवशीन तं डोळे बाहेर येतीन." सर सांगायचे की दक्षिण चीनमधल्या जुन्या शैलीत हाच प्रकार मऊ हातानं, उघड्या तळव्यांनी करतात, आवाज जवळजवळ नसतो, पण श्वास कोंडत तेही नाहीत. बेटांवर गेल्यावर मुठी वळल्या आणि आवाज वाढला. मग ते दोघं एकमेकांसमोर पैतरे घेऊन उभे राहायचे, कंबर पाहायचे, पाऊल पाहायचे, आणि मी मध्येच उभी आहे हे विसरून जायचे. माझा पहिला खराखुरा 'हाऽऽ' वासरू हंबरावं तसा निघाला. सुधीर अंगणात लोळून हसला. भिंतीपलीकडच्या काकूंनी विचारलं, "काय हो, कोनाले मारून राह्यले?"

आता माझे गुडघे कुरकुरतात. सांचिन मी अर्ध्या जोरानंच करते. मोबाईलवर हल्ली सगळ्या जगातल्या शैली दिसतात. म्हातारी चिनी माणसं पहाटे बागेत झाडाला कवेत घेतल्यासारखी नुसती उभी राहतात, ते पाहून मीही गच्चीवर तशी उभी राहायला लागले आहे. आतल्या ऊर्जेबद्दल लोक फार बोलतात. कुणी तिला ची म्हणतं, कुणी प्राण. ती काय असते हे सांगायचा अधिकार मला नाही. माझा अनुभव एवढाच आहे की अंग आवळणं लवकर येतं. आवळलेल्या अंगातून श्वास जाऊ देणं यायला फार वेळ लागतो, आणि ते आलं की माणसाची भीती कमी होते. निदान माझी झाली.

पट्ट्याची परीक्षा पावसाळ्यानंतर झाली, त्याच मैदानावर. या वेळी अण्णांना बसायला खुर्ची दिली होती, पण ते उभेच होते. मी पाय रोवले आणि सुरू केलं. पहिला श्वास बाहेर पडला तो मैदानाच्या कडेला बसलेल्या बायकांनाही ऐकू गेला असणार. सर माझ्याभोवती फिरत आले. मला वाटलं, आता दोन बोटं. त्यांनी पाठीवर सणसणीत थाप मारली. मग मांडीवर. मी हलले नाही. मग ते थांबले आणि म्हणाले, "अण्णा, या. खांदे तुम्ही तपासा."

अण्णा आले. माझ्या मागं उभे राहिले. मला ते दिसत नव्हते, त्यांच्या धोतराची सळसळ ऐकू येत होती. हात वर गेल्याचं कळलं, आणि तो तिथंच राहिला. आयुष्यात त्यांनी मला कधी जोरानं हात लावला नव्हता. वेणीला नाही, पाठीला नाही. मैदानावर सगळे वाट पाहत होते. माझा हात पुढं जाऊन पोहोचला होता आणि मला तो तिथं धरून ठेवायला लागत होता.

"मारा, अण्णा," मी म्हणाले. "मी उभी आहे."

दोन्ही तळवे एकदम खांद्यांवर आदळले. आखाड्यातल्या माणसाची थाप होती ती, पूर्ण वजनाची. डोळ्यांत पाणी आलं, पाय जागेवर राहिले, आणि माझ्या आतून जो आवाज बाहेर पडला त्यात हसू किती नि श्वास किती, ते मला सांगता येणार नाही. आईनं मैदानाच्या कडेनं हाक दिली, "आवो, हळू!" अण्णा म्हणाले, "काऊन हळू?" आणि त्यांनी आणखी एक मारली.